वॉलिंगफर्डला एक दिवस: शुक्रवारचा बाजार, टेम्सचा पूल आणि आईचा गुडघा

शहापूरकर_बेळगाव

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी आई-बाबांना घेऊन रीडिंगला बहिणीकडे चाललोय. लंडन, ऑक्सफर्ड ठरलेलंच आहे. बाबा हायस्कुलात इतिहास शिकवायचे, त्यांचा आग्रह असा की राजवाडे पुरे, नदीकाठचं एखादं जुनं बाजाराचं गाव दाखव. शोधताना टेम्सवरच्या वॉलिंगफर्डचं नाव पुढे आलं. गाडी नाही. आईचा गुडघा धरतो, एका दमात अर्धा-पाऊण किलोमीटर, दिवसभरात दोनेक किलोमीटर जमतं. ती शुद्ध शाकाहारी.

विचारायचं ते असं: कुठल्या वारी जावं? रेल्वे बरी की बस? किल्ला आहे म्हणतात, तर आपल्या बेळगावच्या किल्ल्यासारखे बुरूज-खंदक बघायला मिळतात का? नदीकाठी तिला चालता येईल का? आणि टेम्सवरचंच दुसरं गाव हेन्ली जास्त प्रसिद्ध दिसतं, मग तिकडेच का जाऊ नये?

टिळकवाडी_टपाल

वार शुक्रवारच धरा. आठवड्याचा बाजार शुक्रवारी मार्केट प्लेसमध्ये भरतो. भाजी, पाव, चीज, रोपं, थोडे कपडे असा माल. सकाळी साडेनऊ ते बारा ही खरी वेळ, दोननंतर आवराआवर सुरू झालेली असते.

तुमच्यासाठी बस. वॉलिंगफर्डला नेहमीच्या रेल्वेचं स्टेशनच नाही. जवळचं स्टेशन चोल्झी, रीडिंग ते डिडकॉट मार्गावर. तिथे प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्याच थांबतात. ब्रिस्टलला जाणाऱ्या वेगवान गाडीत बसलात तर चोल्झी खिडकीतून मागे पडताना बघावं लागेल. उतरल्यावर जिने आणि भुयारी वाट, तिथून गाव साधारण चार किलोमीटर, म्हणजे पुन्हा बस किंवा टॅक्सी आलीच. गुडघा दुखत असेल तर हे सगळं कशाला? रीडिंगहून ऑक्सफर्डला जाणारी एक्स ४० बस वॉलिंगफर्डच्या मधोमध सोडते. पाऊण तास धरा. बसमध्ये आईंना खालच्या मजल्यावर पुढे बसवा, वुडकोटकडचा रस्ता वळणांचा आहे.

भाडं: इंग्लंडात बहुतेक लोकल बसना एकेरी भाड्याची कमाल मर्यादा आहे, जानेवारी २०२५ पासून ती ३ पौंड झाली. योजना मुदतीची असते, निघताना बघून घ्या. तिथल्या ज्येष्ठांना बस फुकट असते, पण ती तिथे राहणाऱ्यांना; पाहुण्यांना नाही. त्यावर ड्रायव्हरशी वाद घालू नका.

कार्डाचं काम बेळगावातूनच उरकून जावा. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं हे दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे मुळात बंद असतं, स्वतः ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करावं लागतं. दोन्ही बटणं वेगवेगळी आहेत. एकच चालू केलं की बसच्या दारात कार्ड नाकारलं जातं आणि मागे रांग लागते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड न्या, नुसत्या रुपे कार्डावर विसंबू नका. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड टॅप करणं सोपं. एकाच कार्डावर तिघांचं तिकीट हवं असेल तर टॅप करण्याआधी ड्रायव्हरला सांगा.

रेल्वेनेच जायचं झालं तर लंडनकडून येताना टॅप करून बसण्याची सवय रीडिंगपर्यंतच ठेवा. चोल्झीसाठी आधी तिकीट काढा, नाहीतर दंड. आई-बाबांसाठी दोघांचं मिळून एक ‘टू टुगेदर’ रेलकार्ड मिळतं, ३५ पौंड, वर्षभर चालतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच. हिशेब सरळ आहे: वर्षात १०५ पौंडांपेक्षा जास्त रेल्वेप्रवास होणार असेल तरच घ्या.

घटप्रभा_काठ

किल्ल्याचं आधी सांगतो, म्हणजे बाबांची निराशा व्हायला नको. बुरूज नाहीत. दरवाजा नाही. मातीचे उंचवटे, खोल खंदक, भिंतीचे तुकडे आणि गवत. इंग्लंडातल्या मोठ्या किल्ल्यांपैकी एक इथे होता आणि १६५२ मध्ये, राजाला हरवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने ठरवून पाडला. यादवी युद्धात वॉलिंगफर्ड राजाच्या बाजूने अगदी शेवटपर्यंत लढलं, जुलै १६४६ मध्ये शरण आलं. असा गड पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून दगड न् दगड उतरवला. त्यामुळे इथे इमारत शोधत हिंडू नका, जमिनीचा चढउतार वाचायचा. इतिहासाच्या मास्तरांना हे जास्त आवडेल असा माझा अंदाज.

क्रम असा ठेवा.

बसमधून उतरलात की समोर टाऊन हॉल, १६७० चा. वरचं सभागृह दगडी खांबांवर उभं, खाली मोकळा ओटा. पावसात बाजारकऱ्यांना आडोसा आणि वर पंचांची बैठक, दोन्ही सोय एकाच इमारतीत. त्याच चौकात १८५६ चं कॉर्न एक्स्चेंज. धान्याचे सौदे तिथे व्हायचे, आता नाट्यगृह आणि सिनेमा चालतो. टीव्हीवरच्या एका गाजलेल्या ब्रिटिश खुनी-रहस्य मालिकेतलं काल्पनिक गाव म्हणून हाच चौक वापरलाय, तेव्हा फोटो काढणारी मंडळी दिसली तर ती कशासाठी आलीत ते कळेल.

चौकातून पाच-सात मिनिटांवर किनक्रॉफ्ट हे मैदान. त्याच्या कडेने जो मातीचा बांध दिसतो तोच या गावाचा खरा ऐवज, नवव्या शतकातला. व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांना तोंड द्यायला राजा आल्फ्रेड आणि त्याच्या मुलाने तटबंदीची गावं वसवली, त्यातलं हे मोठ्यात मोठ्यांपैकी एक. तीन बाजूंना बांध आणि खंदक, चौथीकडे नदी. त्या काळची एक यादी आज उपलब्ध आहे, तिच्यात वॉलिंगफर्डच्या नावावर २,४०० ‘हाइड’ (जमिनीचं तेव्हाचं माप) जमीन लावलेली आहे. नियम असा होता: दर हाइडमागे एक माणूस आणि तटाच्या दर साडेसोळा फुटांना चार माणसं. मग २,४०० माणसं म्हणजे ६०० भाग, गुणिले साडेसोळा, ९,९०० फूट. जवळजवळ तीन किलोमीटर तट. विंचेस्टरलाही हाच आकडा आहे आणि तिथल्या तटाच्या मोजमापाशी तो अगदी जवळ जुळतो. बाबांना हे गणित बांधावर उभं राहून करू द्या. आईंना तोवर मैदानातल्या बाकावर बसता येईल, बांधावर चढायची गरज नाही.

गावातले मुख्य रस्ते काटकोनात छेदतात, ती आखणीसुद्धा तेव्हाचीच.

पुढे हाय स्ट्रीटवर फ्लिंट हाऊसमध्ये गावाचं संग्रहालय आहे. छोटं आहे, पण किल्ला उभा असताना कसा होता ते इथे समजतं, म्हणून किल्ल्याआधी इथे जा. उलट केलंत तर किल्ल्यात नुसत्या टेकड्याच दिसतील. हिवाळ्यात ते बंद असतं आणि उन्हाळ्यातही रोज दिवसभर उघडं नसतं. त्या आठवड्याच्या वेळा त्यांच्या साइटवर बघून मगच दिवस पक्का करा. जवळच एका बाकावर रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीचा ब्राँझचा पुतळा बसवलाय, २०२३ चा. गावाच्या दक्षिणेला विंटरब्रुक हाऊस हे तिचं घर, १९३४ पासून १९७६ साली निधन होईपर्यंत. घर खासगी आहे, रस्त्यावरून पाटी बघायची आणि पुढे निघायचं. फाटकात उभं राहू नये. थडगं चोल्झीच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात.

मग किल्ला. कॅसल गार्डन्स आणि नदीकडची कुरणं, दोन्हीला तिकीट नाही. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायला आलेला नॉर्मंडीचा विल्यम लंडनकडे जाताना टेम्स इथेच ओलांडून गेला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत किल्ला उभा राहिला. डिसेंबर ११४२ मध्ये, इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफनशी लढणारी सम्राज्ञी मटिल्डा ऑक्सफर्डच्या वेढ्यातून बर्फातून निसटली ती इथे आली. ११५३ चा तह या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्यातून तिचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आला आणि ११५५ मध्ये त्याने गावाला सनद दिली. साथ दिल्याची परतफेड.

एवढं सगळं असताना गाव लहानच का राहिलं, हे बाबा विचारतीलच. चौदाव्या शतकातल्या प्लेगने कंबर मोडली आणि १४१६ मध्ये वरच्या अंगाला अॅबिंग्डनला पूल झाला. लंडन ते ग्लॉस्टरची वाहतूक तिकडून वळली. हायवेला बायपास झाला की जुन्या पेठेचं काय होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. एके काळी दहाच्या वर चर्च होती, त्यातली मध्ययुगापासूनची तीनच उरली.

पुलाजवळ सेंट पीटर्स चर्च, जाळीदार कोरीव शिखराचं. इंग्लिश कायद्यावर चार खंडांचं भाष्य लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्लॅकस्टोन इथे पुरले आहेत. आर. एल. लॉ कॉलेजातून बाहेर पडलेल्या कुणालाही नाव ओळखीचं असेल.

खानापूर_रान

नदीचं कुणीच नीट सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

पूल सुमारे ९०० फूट लांब आहे, पण नदीचं पात्र त्याच्या मानाने बारीक. बहुतेक कमानी कोरड्या गवतावर उभ्या दिसतील. ती उधळपट्टी नाही, पूर कुरणात पसरला की पाण्याला वाट हवी म्हणून तो इतका लांब. १८०९ च्या पुरात मधल्या कमानी खचल्या आणि नव्याने बांधाव्या लागल्या, म्हणून मधला भाग वेगळा दिसतो. खाली उतरून बघितलंत तर काही कमानींच्या पोटात मध्ययुगीन दगडी फासळ्या आहेत. वरून चालताना सांभाळा: पूल अरुंद, सिग्नलवर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात आणि फुटपाथ चिंचोळा. फोटोसाठी रस्त्यावर उतरू नका.

आईंसाठी चालण्याचा बेत: किल्ल्याच्या कुरणातून पुलापर्यंत उतरत यायचं, उलट चढायचं नाही. मार्केट प्लेस ते किनक्रॉफ्ट ते किल्ला ते पूल आणि परत चौक, सगळं मिळून साधारण दोन किलोमीटर होतं. म्हणजे त्यांच्या मापात जेमतेम बसतं, जास्तीची पावलं टाकू नका. बाबांना आणखी चालायचं असेल तर टेम्स पाथ या नदीकाठच्या पायवाटेने वरच्या अंगाला बेन्सन लॉक, जाऊन-येऊन चार किलोमीटर, सपाट. बंधाऱ्यावरून पलीकडच्या काठाला जायचा विचार असेल तर तिथला पायपूल चालू आहे का ते टेम्स पाथच्या साइटवर आदल्या दिवशी बघा. असे पायपूल दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंद असतात.

लॉक बघण्यासारखं असतं. आपल्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडवतात, नाव जायचा प्रश्नच नसतो; इथे बंधाऱ्याच्या शेजारी दोन दारांची दगडी खोली असते. नाव आत आली की मागचं दार बंद, पुढच्या दाराच्या झडपा हळूहळू उघडायच्या, आतलं पाणी पुढच्या पाण्याच्या पातळीला आलं की पुढचं दार सहज उघडतं. पातळी सारखी झाल्याशिवाय दार हलत नाही, पाण्याचा दाबच ते धरून ठेवतो. एका नावेला दहाएक मिनिटं. काठावर उभं राहायला हरकत नाही, मात्र दाराच्या लांब दांड्याला टेकू नका.

बेन्सनपासून खाली क्लीव्हपर्यंत साडेसहा मैलांत एकही लॉक नाही, टेम्सच्या भरती न लागणाऱ्या भागात सर्वांत लांब सलग पात्र. म्हणूनच ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वल्हेपटूंचं बोटहाऊस ऑक्सफर्डात नाही, वॉलिंगफर्डला आहे. नावा सरावाला निघाल्या की प्रशिक्षक काठावरून सायकलवर ओरडत जातात, पायवाटेवर एका कडेला चाला.

पुराबद्दल. मे-जूनला सहसा त्रास नाही, पण हा धागा वाचून कुणी जानेवारीत गेलं तर: टेम्स आपल्या नद्यांसारखी रात्रीत चढून सकाळी उतरत नाही. वरचा प्रदेश चुनखडीचा आणि उतार मंद, पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी वॉलिंगफर्डला पाणी चढतं, स्वच्छ ऊन पडलेलं असताना. आणि कुरणं आठवडा-आठवडा पाण्याखाली राहतात. सरकारी पर्यावरण संस्थेच्या साइटवर प्रत्येक लॉकची पातळी दिसते. लॉकवर पिवळा फलक म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा उतरतोय, सावध; बिनइंजिनाच्या नावांनी पाण्यात उतरू नये. लाल फलक म्हणजे जोरदार प्रवाह, कुठल्याच नावेने पाण्यात उतरू नये.

चप्पल नको, बंद बूट. कुरणात गुरं सोडलेली असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कडेच्या झुडपांत खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल असते, अर्ध्या चड्डीतल्या पोरांना आधी दाखवून ठेवा.

शहापूरकर_बेळगाव

भरपूर मिळालं, आभार. दोन गोष्टी राहिल्या: आईचं जेवण आणि हेन्ली. शिवाय चोल्झी ते वॉलिंगफर्ड वाफेची गाडी चालते असं वाचलं, ती शुक्रवारी मिळेल का?

निपाणीची_मावशी

वाफेची गाडी शुक्रवारी धरून चालू नका. स्वयंसेवक चालवतात, निवडक शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या सोमवारी. सगळ्या फेऱ्यांना वाफेचं इंजिन नसतं, डिझेलही असतं, वेळापत्रकात लिहिलेलं असतं ते बघा. ही शाखा १८६६ ला सुरू झाली, वॉटलिंग्टनपर्यंत न्यायची होती, पैसे संपले आणि वॉलिंगफर्डलाच थांबली. प्रवासी वाहतूक १९५९ ला बंद. मेचा शेवटचा सोमवार तिथे सुट्टीचा असतो. म्हणजे बाजार हवा की गाडी हवी, एक निवडा. मी बाजार म्हणेन.

जेवणाचं असं की पबची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती संध्याकाळी सहापर्यंत. तीनला भूक लागली तर कॅफेतला केक आणि चहाच. म्हणून साडेबाराला बसा. मेन्यूवर ‘व्ही’ खूण शाकाहाराची, पण तेवढ्यावर थांबू नका, तीन गोष्टी विचारा: सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का, बटाट्याच्या चिप्स तळायला चरबी वापरतात का तेल, आणि चिप्सच्याच तेलात मासे तळतात का. भाजलेल्या मोठ्या बटाट्यावर चीज आणि बीन्स हे सगळीकडे मिळतं आणि पोट भरतं. कडक पाळणाऱ्यांनी चीजचंही विचारावं, काही चीज वासराच्या रेनेटने विरजलेलं असतं. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी साधं पिण्याचं पाणी मागितलं की फुकट द्यावंच लागतं, बाटली विकत घेऊ नका. सरळ मार्ग म्हणजे सकाळी धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून घ्या, बाजारात पाव आणि स्ट्रॉबेरी घ्या, किनक्रॉफ्टवर बसून खा. कुणी काही म्हणत नाही. दही न्यायचं असेल तर तिथल्याच दुकानातलं.

हेन्ली: वरच्या मंडळींशी माझं थोडं जुळत नाही. आईंचाच विचार केला तर हेन्ली सोपं. रीडिंगहून ट्वायफर्डला गाडी बदलली की छोटी गाडी थेट गावात, नदीपासून दोन मिनिटांवर सोडते. काठची वाट रुंद, सपाट, १७८६ चा पाच कमानींचा देखणा पूल. बाजार गुरुवारी. पण दुकानं महाग आणि बाबांना दाखवायला आल्फ्रेडचा बांध तिथे नाही. जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला मंगळवार ते रविवार नौकाशर्यतींचा आठवडा असतो, त्या दिवसांत म्हातारी माणसं घेऊन अजिबात जाऊ नका; ट्वायफर्डच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही मेअखेरीस जाताय, तेव्हा चालेल.

आणखी एक सांगते, कारण ते बहुतेकांना ठाऊक नसतं. वॉलिंगफर्ड आणि हेन्लीच्या मधे चिल्टर्न टेकड्यांत स्टोक रो नावाचं खेडं आहे, तिथे काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी. एडवर्ड रीड नावाचा इंग्रज अधिकारी त्यांच्या ओळखीचा, याच भागातला. त्याने १८३१ मध्ये आझमगढकडे एका गावाला विहीर खोदून दिली होती, आणि आपल्या गावाकडे उन्हाळ्यात पाण्याचे कसे हाल होतात तेही तो बोलला होता. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. चुनखडीची टेकडी, पाणी खोल, म्हणून विहीर ३६८ फूट खोदावी लागली, हाताने, अवघ्या चार फूट व्यासाची. २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, ती खुली झाली. वर घुमट आणि रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. ते यंत्र वॉलिंगफर्डच्याच वाइल्डर या ओतकामवाल्यांनी केलं. एक बादली वर यायला दहा मिनिटं लागत. बघायला तिकीट नाही, रस्त्याच्या कडेलाच आहे, आईंना चालावं लागणार नाही.

अडचण एकच, तिथे सोयीची बस नाही. वॉलिंगफर्डहून अकरा-बारा किलोमीटर. टॅक्सी आदल्या दिवशी फोनवर ठरवा, ‘जाऊन, वीस मिनिटं थांबून परत’ असा एकच दर आधी बोलून घ्या. खेड्यात उभं राहून ॲपवर गाडी बोलवायच्या भानगडीत पडू नका, मिळेलच असं नाही.

टिळकवाडी_टपाल

मावशींचा विहिरीचा सल्ला घ्याच. मग दिवस असा बसतो: नऊच्या सुमाराची बस, दहाला बाजार, अकराला किनक्रॉफ्ट, साडेबाराला डबा. संग्रहालय दुपारी उघडणार असेल तर जेवणानंतर लगेच, मग किल्ला आणि उतरत पूल, साडेतीनला टॅक्सी, पाचपर्यंत परत चौकात. परतीची बस पाचनंतरची धरलीत तर रीडिंगमध्ये शिरताना ऑफिस सुटल्याच्या गर्दीत अडकते, अर्धा तास जादा ठेवा. त्या दिवसांत उजेड रात्री नऊपर्यंत असतो, अंधाराची काळजी नको. शेवटच्या बसची वेळ मात्र सकाळी उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा.